जादूगाराचं मल्टिक्लास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डंजन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल आहे. २०१४ चं प्लेअर्स हँडबुक वापरणारे ग्रुप अजून भरपूर आहेत, आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकावर गेलेलेही आहेत. जिथे दोन्हींत फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. गोंधळ टाळायला एवढं ठरवून घेऊ: कॅरेक्टरची असते ती लेव्हल, स्पेलची (मंत्राची) आणि स्लॉटची (स्पेल टाकायच्या संधीची) असते ती पातळी.

मल्टिक्लास म्हणजे एका अंगात दोन कॅरेक्टर का?

नाही. लेव्हल वाढली की ती कुठल्या क्लासला (कॅरेक्टरच्या पेशाला) द्यायची हे तुम्ही ठरवता, एवढंच. चार लेव्हल विझर्ड खेळलात आणि पाचवी क्लेरिकला दिलीत, तर तुम्ही विझर्ड ४, क्लेरिक १. एकूण लेव्हल ५. ही एकूण बेरीज २० च्या वर जात नाही. प्रोफिशियन्सी बोनस (सराव असलेल्या गोष्टींत फाशाला मिळणारी भर) एकूण लेव्हलवर ठरतो, हिट पॉइंट नव्या क्लासच्या फाशाने वाढतात, आणि बाकी जवळजवळ सगळं त्या त्या क्लासच्या लेव्हलवर अडून असतं. पुढचे निम्मे प्रश्न या शेवटच्या गोष्टीतूनच येतात.

कोणताही क्लास कोणालाही घेता येतो?

कॅरेक्टरच्या बुद्धी, ताकद अशा अंगभूत गुणांचे, म्हणजे अ‍ॅबिलिटींचे, स्कोअर लागतात. नवा क्लास आणि आत्ताचा क्लास, दोन्हींच्या मुख्य अ‍ॅबिलिटीत किमान १३. विझर्डला इंटेलिजन्स, क्लेरिक आणि ड्रुइडला विझ्डम, बार्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉकला करिश्मा. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिश्मा दोन्ही, रेंजरला डेक्स्टेरिटी आणि विझ्डम दोन्ही. ‘दोन्ही क्लासच्या’ ही अट बरेच जण विसरतात. इंटेलिजन्स १२ असलेला विझर्ड दुसरीकडे कुठेच जाऊ शकत नाही, नवा क्लास कितीही सोपा असला तरी.

२०१४ च्या पुस्तकात मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम आहे, म्हणजे डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) हो म्हटलं तरच. पुस्तक कुठलंही असो, आधी विचारलेलं बरं. पहिल्या सेशनला विचारा, सातव्या लेव्हलला नव्हे.

दोन जादूवाले क्लास घेतले तर स्पेल स्लॉट कसे मोजायचे?

बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर आणि विझर्ड यांच्या लेव्हल पूर्ण धरा. पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या: २०१४ मध्ये अपूर्णांक खाली, २०२४ मध्ये वर. एल्ड्रिच नाइट फायटर आणि आर्केन ट्रिकस्टर रोग यांचा एक तृतीयांश, खाली. आर्टिफिसर निम्म्या, पण वर. ही बेरीज करून मल्टिक्लासच्या तक्त्यात बघा.

उदाहरणार्थ पॅलाडिन ५, सॉर्सरर ३. २०१४ प्रमाणे २ अधिक ३ म्हणजे ५, म्हणून पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्या पातळीचे ३ आणि तिसऱ्या पातळीचे २ स्लॉट. २०२४ प्रमाणे ३ अधिक ३ म्हणजे ६, आणि तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट जास्त.

एक चूक वारंवार दिसते. पॅलाडिन ५, फायटर ३ असं कॅरेक्टर असेल आणि फायटर एल्ड्रिच नाइट नसेल, तर जादूवाला क्लास एकच आहे. तेव्हा हा तक्ता वापरायचाच नाही. पॅलाडिनचा स्वतःचा तक्ता बघायचा.

माझ्याकडे पाचव्या पातळीचे स्लॉट आहेत. मग पाचव्या पातळीचे स्पेल का नाहीत?

हा या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि खूप जणांचा हिरमोड इथेच होतो.

स्लॉट एकत्र मोजले जातात, स्पेल एकत्र मोजले जात नाहीत. कुठले स्पेल शिकता किंवा तयार ठेवता येतील, हे प्रत्येक क्लाससाठी वेगळं ठरतं, जणू तुमच्याकडे तेवढा एकच क्लास आहे. विझर्ड ५, क्लेरिक ५ घ्या. बेरीज १०, म्हणून स्लॉट दहाव्या लेव्हलच्या जादूगाराचे: ४, ३, ३, ३, २. पण विझर्ड म्हणून तुम्ही पाचव्या लेव्हलचे, तेव्हा विझर्डचे स्पेल तिसऱ्या पातळीपर्यंतच. क्लेरिकचेही तसेच. ताटात वाट्या दहा जणांच्या, स्वयंपाक पाच जणांचा.

चौथ्या आणि पाचव्या पातळीचे स्लॉट वाया जात नाहीत. त्यांत खालचे स्पेल जास्त जोराने टाकता येतात. फायरबॉल तिसऱ्या पातळीला ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे) असतो, पाचव्याला १०डी६. स्पिरिट गार्डियन्स ३डी८ वरून ५डी८ वर जातो. वाईट नाही. पण शेजारी बसलेला सरळ विझर्ड १० त्याच वेळी वॉल ऑफ फोर्स टाकून लढाई मधोमध चिरत असतो, आणि सरळ क्लेरिक १० मेलेल्या सोबत्याला रेझ डेड करून उठवत असतो. तुमच्या फायरबॉलला वरचे २डी६ मिळाले, म्हणजे सरासरी ७. फार मोठा सौदा झाला असं नाही.

त्यात भर म्हणजे कॉन्सन्ट्रेशन (काही स्पेल चालू ठेवायला लागणारी एकाग्रता) एकाच स्पेलवर. दोन क्लासचे मिळून कितीही छान स्पेल असले तरी स्पिरिट गार्डियन्स आणि हेस्ट एकाच वेळी तुमच्याकडून चालणार नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: निम्मे-निम्मे करू नका. एक क्लास मुख्य ठेवा आणि दुसऱ्यात एक किंवा दोन लेव्हल डोकवा. खेळाडू याला डिप म्हणतात.

स्लॉट आहेत, तर मोठ्या पातळीचा स्पेल स्क्रोलवरून विझर्डच्या स्पेलबुकात उतरवता येईल?

टेबलवर नाही. तुमच्या विझर्डच्या लेव्हलला जी पातळी तयार ठेवता येते, तिथपर्यंतचेच स्पेल उतरवता येतात. विझर्ड १ असाल तर पहिली पातळी, बाकी स्लॉट कितीही मोठे असोत.

हा प्रश्न इतका का येतो, त्याचं कारण बाल्डर्स गेट ३. २०२३ च्या या संगणकीय खेळात विझर्डची एक लेव्हल घेतली की स्लॉट असतील त्या पातळीपर्यंतचे स्क्रोल शिकता येतात. त्या खेळात अ‍ॅबिलिटी १३ ची अटही नाही आणि लेव्हल १२ ला संपते. तिथून आलेल्यांचं स्वागत आहे, पण तिथलं बिल्ड (कॅरेक्टरची आखणी) इथे जसंच्या तसं आणू नका. डीएमशी वाद होईल आणि डीएम बरोबर असेल.

कॅन्ट्रिपचं काय?

इथे मात्र खुशखबर. कॅन्ट्रिपने, म्हणजे स्लॉट न लागणाऱ्या स्पेलने, होणारं नुकसान एकूण लेव्हलवर वाढतं: ५, ११ आणि १७ ला. सॉर्सरर १० असताना वॉरलॉकची एकच लेव्हल घेतलीत, तरी एल्ड्रिच ब्लास्ट या वॉरलॉकच्या कॅन्ट्रिपचे किरण अकराव्या लेव्हलचे, म्हणजे तीन. अनेक लोकप्रिय डिप याच एका नियमावर उभे आहेत.

वॉरलॉकचे स्लॉट वेगळे का धरतात?

कारण त्याची जादूच वेगळी चालते. पॅक्ट मॅजिकचे स्लॉट मोजके असतात, सगळे एकाच पातळीचे असतात, आणि शॉर्ट रेस्टला (तासाभराच्या विश्रांतीला) परत मिळतात. ते वरच्या तक्त्याच्या बेरजेत धरत नाहीत. वॉरलॉक २ ला पहिल्या पातळीचे दोन, वॉरलॉक ३ ला दुसऱ्या पातळीचे दोन. मात्र वापर सामाईक आहे: पॅक्टच्या स्लॉटमधून सॉर्सररचा स्पेल टाकता येतो आणि उलटही.

सॉर्सरर आणि वॉरलॉक ही जोडी त्यामुळेच जमते. दोघांनाही करिश्मा. वॉरलॉक २ ला अ‍ॅगनायझिंग ब्लास्ट मिळतो, म्हणजे एल्ड्रिच ब्लास्टच्या प्रत्येक किरणाच्या डी१० मध्ये करिश्मा मिळवायचा. त्यावर सॉर्सररचा क्विकन्ड स्पेल चढवा: दोन सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररच्या जादूचा साठा) देऊन कॅन्ट्रिप टर्नमधल्या जादा, बोनस अ‍ॅक्शनमध्ये, आणि मुख्य अ‍ॅक्शनमध्ये पुन्हा तोच. एकूण पाचव्या लेव्हलला एका टर्नमध्ये चार किरण. पॉइंट लवकर संपतात हे खरं, पण ज्या लढाईत ते जमतं ती लक्षात राहते. किंमत ही, की त्याच लेव्हलला सरळ सॉर्सररच्या हातात फायरबॉल असतो आणि तुमच्या हातात नाही.

कॉफीलॉक काय प्रकार आहे? आमच्यातला एक जण त्याच्या मागे लागलाय.

लागणारच. युक्ती अशी: वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात. सॉर्सरर ते स्लॉट मोडून सॉर्सरी पॉइंट करू शकतो, आणि पॉइंटमधून सॉर्सररचे नवे स्लॉट बनवू शकतो (पहिल्या पातळीला २ पॉइंट, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ५). बनवलेले स्लॉट लाँग रेस्टला (रात्रीच्या पूर्ण विश्रांतीला) नाहीसे होतात. मग लाँग रेस्ट घ्यायचाच नाही! रात्रभर तासातासाचे शॉर्ट रेस्ट, प्रत्येकातून नवे स्लॉट. झोपायचं नाही, कॉफी प्यायची, म्हणून नाव कॉफीलॉक.

एका वेळी हातात ठेवायचे पॉइंट सॉर्सररच्या लेव्हलइतकेच असल्यामुळे गाडी ऐकीव कथांपेक्षा हळू चालते. वॉरलॉक ५, सॉर्सरर ३ असेल तर तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट मोडून ३ पॉइंट, त्यातून दुसऱ्या पातळीचा एक स्लॉट, मग पुन्हा तेच. म्हणजे तासाला दुसऱ्या पातळीचे दोन. तरीही रात्रभरात ढीग होतो.

२०१७ च्या झानाथर्स गाइडमध्ये यावर ऐच्छिक उतारा आहे: २४ तास लाँग रेस्ट न घेतल्यास डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (फासा टाकून एकूण किमान १० आणायचे), हुकला तर एक पातळी एक्झॉशन (थकवा), आणि दर पुढच्या दिवशी डीसी ५ ने वर. डीएमने तो लावला की तीन-चार दिवसांत कॉफी उतरते. कागदावर हिशोब करायला ही युक्ती मजेदार आहे. टेबलवर मात्र बाकीच्या चौघांनी तुमचं रात्रीचं बहीखातं का ऐकावं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

विझर्डने चिलखतासाठी डिप घ्यावा का?

जादूगाराच्या डिपचं हे सर्वात व्यवहारी कारण. आकडेच बघू. डेक्स्टेरिटी १४ असलेल्या विझर्डचा मेज आर्मर टाकून आर्मर क्लास (फटका लागायला शत्रूने फाशावर गाठायचा आकडा) १५. हाफ प्लेट आणि ढाल वापरता आली तर १९. वर शील्ड स्पेलचे ५ धरले की टर्न संपेपर्यंत नव्हे, पुढची टर्न सुरू होईपर्यंत २४. गॉब्लिन हात टेकतात.

प्रोफिशियन्सी नसताना चिलखत चढवलं तर स्पेल टाकताच येत नाहीत, म्हणून ती कुठून तरी मिळवावी लागते. क्लेरिकच्या एका लेव्हलने मध्यम चिलखत आणि ढाल मिळते, वर हीलिंग वर्ड आणि ब्लेससारखे स्पेल, आणि स्लॉटची बेरीज एकानेही मागे पडत नाही. अट विझ्डम १३. आर्टिफिसरची एक लेव्हल मध्यम चिलखत आणि ढाल देते, स्लॉटही अपूर्णांक वर धरल्यामुळे टिकतात, आणि अट इंटेलिजन्सची, म्हणजे विझर्डकडे असलेलीच. फायटरच्या लेव्हलने चिलखत मिळतं पण स्लॉट एक पायरी मागे राहतात.

२०१४ मध्ये क्लेरिकचं डोमेन पहिल्याच लेव्हलला मिळतं आणि लाइफ, टेम्पेस्ट, वॉर यांसारखी काही डोमेनं जड चिलखतही देतात. २०२४ मध्ये सगळे सबक्लास (डोमेनसारख्या उपशाखा) तिसऱ्या लेव्हलवर गेले, पण पहिल्या लेव्हलला प्रोटेक्टर हा पर्याय घेतला की जड चिलखत मिळतं. प्लेट घालायला स्ट्रेंग्थ १५ लागते. नसेल तर चाल १० फुटांनी कमी. स्ट्रेंग्थ ८ चा विझर्ड प्लेट घालून पळू लागला की बघण्यासारखं असतं.

हातांचा हिशोबही ठेवा. एका हातात ढाल आणि दुसऱ्यात मेस धरला, तर हातवारे करायला हात उरत नाही. वॉर कास्टर फीट (वेगळं निवडायचं खास कौशल्य) तिथे कामी येतं. क्लेरिकचं चिन्ह ढालीवर रंगवता येतं, पण ते क्लेरिकच्या स्पेलपुरतंच, विझर्डच्या नाही. दुसरा हात मोकळा ठेवा आणि कमरेला कंपोनंट पाउच बांधा. त्यावर सगळ्यांचं भागतं.

पहिली लेव्हल कुठल्या क्लासची घ्यावी?

सेव्हिंग थ्रोच्या प्रोफिशियन्सी फक्त पहिल्या क्लासकडून मिळतात, आणि पूर्ण हिट पॉइंटही फक्त पहिल्या लेव्हलला. म्हणून क्रमाला महत्त्व आहे. फटका बसल्यावर कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह लागतो; डीसी १० किंवा झालेल्या नुकसानीच्या निम्मे, जे जास्त असेल ते. सॉर्सरर, फायटर आणि आर्टिफिसर या तिघांकडे कॉन्स्टिट्यूशनची प्रोफिशियन्सी आहे, विझर्डकडे नाही. आर्टिफिसर १ पासून सुरू करून मग विझर्ड, हा क्रम त्यामुळे आवडता आहे. फायटर किंवा पॅलाडिनचं जड चिलखतही त्या क्लासपासून सुरुवात केली तरच मिळतं, मागाहून घेतल्यास नाही.

डिप कधी घ्यायचा?

पाचवी लेव्हल ओलांडून, असं मी सांगेन. पाचव्याला फायरबॉल, काउंटरस्पेल, रिव्हिव्हिफाय येतात आणि खेळ बदलतो. तिथे मित्र पुढे गेले आणि तुम्ही एक लेव्हल मागे, हे दोन-तीन महिने टोचतं. पहिल्या लेव्हलच्या सेव्हसाठी सुरुवातच दुसऱ्या क्लासने करायची असेल तर ते टोचणं सोसायची तयारी ठेवा.

स्कोअर वाढवण्याची किंवा फीटची संधीही क्लासच्या चौथ्या लेव्हलला येते, एकूण चौथ्या लेव्हलला नाही. विझर्ड ३, क्लेरिक १ ला काहीच मिळत नाही.

‘सतराव्या लेव्हलला नवव्या पातळीचे स्पेल येतात, म्हणून डिप तीन लेव्हलपर्यंतच’ असं गणित मांडलेलं दिसतं. गणित बरोबर आहे. पण नोकऱ्या, परीक्षा, लग्नं आणि कुणाची तरी बेंगळुरूला बदली यांतून किती ग्रुप विसाव्या लेव्हलला पोचतात? तुमचं कॅम्पेन साधारण कुठे थांबणार, ते डीएमला विचारा आणि त्या लेव्हलसाठी कॅरेक्टर बांधा.

पॅलाडिन आणि सॉर्सरर ही जोडी अजून तितकीच जबर आहे?

२०१४ च्या नियमांत हो. डिव्हाइन स्माइट कुठल्याही क्लासच्या स्लॉटवर चालतो: पहिल्या पातळीला २डी८, पुढे प्रत्येक पातळीला १डी८, कमाल ५डी८. सॉर्सररचे ढीगभर स्लॉट म्हणजे स्माइटचा दारूगोळा. काही जण पॅलाडिन २ ला थांबतात, काही ६ पर्यंत जातात, कारण सहाव्याला ऑरा ऑफ प्रोटेक्शन येतो आणि दहा फुटांतल्या सोबत्यांच्या सेव्हला तुमचा करिश्मा मिळतो. मी सहापर्यंत जाईन. स्माइट तुम्हाला आवडतो, ऑरा सगळ्यांना आवडतो.

२०२४ मध्ये स्माइट हा बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल झाला. एका टर्नमध्ये दोन-तीन स्माइट ओतणं संपलं. जोडी चांगलीच आहे, दहशत राहिली नाही.

फायटर २ घेऊन एका टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकता येतात ना?

२०१४: हो, अ‍ॅक्शन सर्जने. २०२४: नाही. अ‍ॅक्शन सर्जमधून मॅजिक अ‍ॅक्शन वगळली आहे, आणि एका टर्नमध्ये स्पेलसाठी एकच स्लॉट खर्च करता येतो.

कुठल्या जोड्या टाळाव्यात?

बार्बेरियन आणि कुठलाही जादूगार: रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) असताना ना स्पेल टाकता येतात, ना कॉन्सन्ट्रेशन टिकतं. विझर्ड आणि सॉर्सरर ऐकायला भारी वाटतं, पण एकाला इंटेलिजन्स हवं, दुसऱ्याला करिश्मा, आणि दोघांचे बरेचसे स्पेल सारखेच. जिथे दुसऱ्या क्लासची अ‍ॅबिलिटी जेमतेम १३ असेल, तिथे सेव्ह किंवा अटॅक रोल न लागणारे स्पेलच निवडा. क्लेरिकने विझर्ड १ घेतला तर फाइंड फॅमिलियर, शील्ड, अ‍ॅब्सॉर्ब एलिमेंट्स. १३ इंटेलिजन्सवर हे तिन्ही तितकेच चांगले चालतात.

मल्टिक्लास न करता दोन्हीची मजा मिळेल का?

बऱ्याचदा मिळते, आणि नवख्याला मी हेच सुचवतो. तलवार आणि जादू हवी? एल्ड्रिच नाइट फायटर, ब्लेडसिंगर विझर्ड. क्लेरिकचे स्पेल सॉर्सररच्या हातात? डिव्हाइन सोल. दुसऱ्या क्लासचे दोन कॅन्ट्रिप आणि पहिल्या पातळीचा एक स्पेल पुरेसा असेल, तर मॅजिक इनिशिएट फीट घ्या. एकही लेव्हल खर्च होत नाही.

जुन्या आवृत्त्यांतही असंच होतं?

नाही. १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डीएनडीमध्ये एल्फसारख्या वंशांना एकाच वेळी दोन-तीन क्लासमध्ये वाढता येई. माणसांना मात्र एक क्लास सोडून दुसरा धरावा लागे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने आजच्यासारखं लेव्हलगणिक स्वातंत्र्य दिलं, पण प्रत्येक क्लासचे स्लॉट वेगळे ठेवले, त्यामुळे विझर्ड ५, क्लेरिक ५ फारच लंगडा पडे. ३.५ मध्ये त्यावर मिस्टिक थिअर्ज नावाचा प्रेस्टिज क्लास होता: विझर्ड ३, क्लेरिक ३ नंतर घ्यायचा आणि दर लेव्हलला दोन्ही बाजूंची जादू वाढवायची. पाचव्या आवृत्तीतला सामाईक स्लॉटचा तक्ता त्या मानाने बराच दयाळू आहे. २०१९ च्या पाथफाइंडर २ मध्ये तर लेव्हल वाटतच नाहीत, दुसरा क्लास फीटच्या रूपाने घेतात.

डिप घेतला आणि पस्तावलो. परत फिरता येतं?

बाल्डर्स गेट ३ मध्ये विदर्स या पात्राला १०० सोन्याची नाणी दिली की झालं. टेबलवर सबक्लास बदलण्याचा एक ऐच्छिक नियम २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात आहे, घेतलेली लेव्हल एका क्लासमधून काढून दुसऱ्यात घालण्याचा नाही. ते डीएमच्या हातात. विचारायचं तर पुढच्या लेव्हलअपच्या आधी, सेशनच्या बाहेर, आणि कॅरेक्टर शीटवर नेमकं काय बदलायचं ते लिहून नेऊन विचारा. डीएमचं काम कमी केलं की होकार यायची शक्यता वाढते.